रिपोर्ट निगेटिव्ह, तरी झोप नाही

एचआयव्हीच्या रिपोर्टवर ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ या शब्दाशेजारी बऱ्याच लॅब एक आकडा छापतात. माझ्या एका रिपोर्टवर तो ०.१४ होता, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर ०.३१. मला वाटलं, अंगात काहीतरी वाढतंय. ते दोन कागद समोर ठेवून मी रात्री जागून काढल्या आहेत, म्हणून आधी हेच सांगतो. तो आकडा रक्तातल्या विषाणूचं प्रमाण नसतो. तुमच्या नमुन्याने यंत्रात दिलेला संकेत ठरलेल्या मर्यादेच्या किती पट आहे, एवढंच त्यातून कळतं. तो १ च्या खाली असला की रिपोर्ट निगेटिव्ह. यंत्र किंवा किट बदललं की तो थोडा हलतो. ०.३१ म्हणजे ०.१४ पेक्षा जरा कमी निगेटिव्ह, असं काही नसतं.

घडलं होतं ते थोडक्यात असं. कामानिमित्त परगावी असताना एका स्त्रीशी संबंध आला. कंडोम वापरला होता आणि तो शेवटपर्यंत शाबूत होता. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. परतलो आणि शंका सुरू झाल्या. कंडोमला न दिसणारं छिद्र असेल तर? नखाजवळ चिरलं होतं, तिथून? चुंबनातून? आज या प्रश्नांची उत्तरं मी कुणालाही ठामपणे देतो. लाळेतून किंवा स्पर्शातून एचआयव्ही पसरत नाही. शाबूत लॅटेक्स कंडोममधून तो पार होत नाही, आणि कंडोम फाटतो तेव्हा ते सहसा लक्षात येतं. कंडोम नसताना, समोरची स्त्री बाधित असली आणि तिचे उपचार चालू नसले, तरीसुद्धा योनीमार्गाच्या एका संबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत चार इतकी धरतात. गुदमैथुनात, विशेषतः घेणाऱ्याला, धोका याहून बराच जास्त असतो. कंडोम बाजूला ठेवायला हे आकडे सांगत नाही. भीतीला माप असावं म्हणून सांगतो.

चाचणी कितपत भरवशाची, हे कोणती चाचणी आणि किती दिवसांनी, यावर ठरतं. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचं पी-२४ हे प्रथिन आणि शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, दोन्ही शोधते. संबंधानंतर ४५ दिवसांनी ती निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबता येतं. बोट टोचून होणाऱ्या, फक्त प्रतिपिंडं पाहणाऱ्या रॅपिड चाचणीसाठी तीन महिने थांबावं. याच मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. मी पहिल्याच आठवड्यात लॅब गाठली होती. तेवढ्या लवकर केलेली चाचणी त्या संबंधाबद्दल काहीच सांगू शकत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: एखादं किट रिअ‍ॅक्टिव्ह आलं म्हणजे निदान झालं असं नाही. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर खात्री केल्याशिवाय कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

मुदत उलटून गेली, रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी माझा सुटकेचा निःश्वास संध्याकाळपर्यंतच टिकायचा. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल? माझं शरीर प्रतिपिंडं उशिरा बनवत असेल? जीभ पांढरी दिसायची, वजन उतरलं, काखेत गाठ लागली. जेवण तुटलं की वजन उतरतंच, आणि दिवसभर चाचपत राहिलं की काख दुखते. ताप, घसा, पुरळ ही सुरुवातीच्या लागणीची लक्षणं साध्या व्हायरल तापातही असतात; त्यांवरून निदान होत नाही. पण पैसे मोजणाऱ्याला लॅब पुढची चाचणी करून देतच राहते, आणि प्रत्येक नव्या चाचणीबरोबर आधीच्या चाचणीवरचा माझा विश्वास कमी होत गेला.

शेवटी एका सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात गेलो. तिथे चाचणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. संमती आणि गोपनीयता यांना २०१७ च्या कायद्याचं संरक्षण आहे. समुपदेशक मॅडमनी सगळे रिपोर्ट शांतपणे पाहिले आणि विचारलं, “आता कोणती चाचणी निगेटिव्ह आली की तुम्ही थांबाल?” मला उत्तर देता येईना. “मग रक्त तपासून हे सुटणार नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मला मानसोपचार विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या चिंतेला आजाराचं नाव दिलं, काही महिने औषध दिलं. शंका आली की लगेच लॅब, मोबाइल किंवा आरसा गाठायचा नाही, ती तशीच राहू द्यायची, याचा सराव करून घेतला. सुरुवातीला फार जड गेलं. हळूहळू शंका यायची आणि निघून जायची.

त्याच रुग्णालयात एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची गोळी घ्यायला आलेली माणसं भेटली. कुणी भाजी विकणारी, कुणी एसटीतून निवृत्त झालेले. ही औषधं सरकार २००४ पासून मोफत देतं. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येण्याच्या पातळीखाली राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. नव्वदच्या दशकातल्या भिंतींवर पाहिलेली ‘एड्स म्हणजे मृत्यू’ ही चित्रं माझ्या डोक्यातून जायला ही माणसं भेटावी लागली.

कंडोम खरोखर फाटला असेल, किंवा वापरलाच नसेल, तर चाचणीची वाट पाहत बसू नका. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितकं, डॉक्टरांकडे जा. गरज असेल तर ते २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं सुरू करतात. सिफिलिस, गनोरिया, हेपॅटायटिस बी यांबद्दलही विचारा, सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ही सोय आहे. आणि फुकट तपासणी होते म्हणून रक्तदान मुळीच करू नका. विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतून निसटून दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतं. एचआयव्हीच्या प्रश्नांसाठी नाकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. मुदतीनंतरचा रिपोर्ट निगेटिव्ह असूनही झोप लागत नसेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.