गिटारमधील घरघर व तिचा उपाय

बारामतीस नीरेच्या कालव्याकांठीं किंवा इंदापुरास उजनीच्या जलाशयालगत पंपाचा स्टार्टर दाबतांच जवळच्या रेडिओवर ‘खट्ट’ असा आवाज उमटतो. विजेचा हाच उपद्रव संमेलनांत विद्युत्-गिटार वाजविणारासही होतो. स्वर छेडण्यापूर्वींच ध्वनिवर्धक घरघरूं लागतो. आणि पायाशीं फळीवर मांडलेलीं, स्वराचा रंग पालटणारीं पेडलें वाढवावीं, तसतशी ती घरघरही वाढते.

याचें कारण असें. आपल्याकडील वीज सेकंदास 50 आवर्तनें करते. गिटारच्या तारांखालीं लोहचुंबकाभोंवतीं बारीक तारेचे हजारों वेढे असतात. बदलत्या चुंबकक्षेत्रानें वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें फॅरडे यांनीं 1831 सालीं दाखविलें. म्हणून तें वेटोळें स्वराबरोबर जवळच्या ट्रान्सफॉर्मरची घरघरही टिपतें, आणि स्वर मोठा करणारें पेडल तिलाही मोठें करतें.

प्रथम दोष शोधावा. पेडलें एकेक करून काढावीं. जें काढल्यानें घरघर थांबेल, तें 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावें. आवाज गेला, तर दोष वीजपुरवठ्याचा. मग प्रत्येक पेडलास परस्परांपासून विलग असा पुरवठा द्यावा. स्वराची केबल आंखूड व जाळीचें कवच असलेली घ्यावी. विजेची वायर तिच्यावरून न्यावी लागल्यास काटकोनांत न्यावी.

दोन उपकरणें दूरदूरच्या सॉकेटांना जोडलीं, तर अर्थिंगच्या तारा व केबलचें कवच मिळून एक मोठें कडें बनतें, व त्यांतूनही घरघर येते. अशा वेळीं दोन्ही उपकरणें एकाच बोर्डास जोडावीं. कित्येक जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. घरघर थांबतेही, पण उपकरण बिघडल्यास वीज गिटारच्या तारांत उतरते. 1972 सालीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकचा स्पर्श होऊन रंगमंचावर मृत्यु पावला. पालकांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

आपल्याच जिल्ह्यांत खोडद व परिसरांत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. आकाशांतून येणारे संकेत अत्यंत क्षीण. म्हणून विजेचा गोंगाट कमी असलेलें स्थळ तिच्यासाठीं निवडलें. तबकड्यांचे संकेत प्रकाशतंतूंतून नेले जातात, व त्यांस विजेचा उपद्रव पोंचत नाहीं. दुर्बीण असो वा गिटार, गोंगाट आंत शिरण्यापूर्वींच अडवावा. मात्र त्यासाठीं जिवाचें रक्षण करणारी तार कधींही तोडूं नये.