शेंगदाणा आणि आषाढाची हवा

वटार, आषाढ

चि. निनाद,

तुझा प्रश्न एका ओळीचा आहे. सन कोन्युर पोपटाला शेंगदाणे, बदाम, काजू द्यावेत का? द्यावेत, पण आधी दाणा कुठे आणि किती दिवस पडून होता ते विचार, मग किती द्यायचा ते. आपल्याकडे लोक उलट क्रमानं विचार करतात. बदाम चांगला की शेंगदाणा, यावर वाद घालतात आणि डब्याच्या तळाशी सादळलेला दाणा बिनदिक्कत पिंजऱ्यात टाकतात. पाखराच्या जिवाला पहिला धोका बहुधा त्या सादळण्यातच असतो.

शेंग जमिनीच्या पोटात वाढते. तिथली बुरशी टरफलाबरोबर बाहेर येते आणि ओल मिळाली की फोफावते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि ते थेट यकृतावर घाव घालतं. हे विष माणसाला कळलंच मुळी पाखरांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तेव्हा माग त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. आता आपल्या गावची हवा डोळ्यासमोर आण. इथे जूनपासून मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांवर पांढरी लव धरते. पावसाळ्यात आपल्या भागात कुणी केळी वाळवून सुकेळी घालायला बसत नाही, पावसाळ्यासाठीचं आगोटीचं सामान आधीच उन्हात कडकडीत वाळवून ठेवतात. माणसाच्या खाण्याला आपण जो नियम लावतो, तो पाखराच्या दाण्याला का लावू नये? त्यात टरफलासकट शेंग दिली की आणखी एक भर पडते. पाखरू टरफल चोचीत धरून फोडतं तेव्हा त्यावरची धूळ आणि बुरशीचे बीजाणू सरळ श्वासात जातात. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. तिथे बुरशी एकदा रुजली की उपचार लांबतात आणि पुष्कळदा उशीरच झालेला असतो.

तू म्हणशील, त्याच डब्यातले दाणे आपण खातो, आपल्याला काही होत नाही. इथे हिशोब करून बघ. कोन्युरचं वजन साधारण ११० ग्रॅम, एका बदामाचं सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर. ६० किलोच्या माणसानं त्याच प्रमाणात खायचं म्हटलं तर एका बैठकीत सुमारे पावणेसातशे ग्रॅम बदाम होतात. लहान पाखराच्या अंगातली शक्ती झपाट्यानं खर्च होते, म्हणून चरबीच्या बाबतीत हा हिशोब तंतोतंत लागू नाही, हे मी मान्य करतो. पण विषाची मात्रा शरीराच्या वजनावरच मोजतात. आपण कडू लागलेला दाणा थुंकून टाकतो. पाखरू थुंकेलच याची खात्री नाही, आणि अफ्लाटॉक्सिनला ना रंग, ना वास. भाजल्यानं विष जातं, हीही भाबडी समजूत आहे. भाजल्यानं बुरशी मरते, पण तिनं आधीच करून ठेवलेलं विष थोडं कमी होतं, संपत नाही. खाऱ्या दाण्यात वर मिठाचा मारा, तो तर नकोच.

दुसरा आक्षेप जुन्या लोकांचा असतो. पूर्वी घरोघरी राघू शेंगांवरच जगायचे ना? जगले ते लोकांच्या लक्षात राहिले. वर्षा-दोन वर्षांत गेलेल्यांचं खापर थंडीवर किंवा दृष्टीवर फोडलं गेलं. पोपट आजार लपवतो. रानात अशक्त दिसणं म्हणजे शिकाऱ्याला बोलावणं, म्हणून यकृत बरंच खराब होईपर्यंत तो दांडीवर ताठ बसतो. (तो हिरवा, कंठवाला राघू पाळणं आता कायद्यानं गुन्हा आहे, हेही जाता जाता लक्षात ठेव. कुणी पिल्लू आणून दिलं तर घेऊ नकोस.) वाडीतले राघू वाटेल ते खातात म्हणावं, तर ते झाडावरचं ताजं खातात आणि दिवसभर उडतात. पिंजऱ्यातलं पाखरू दोन दांड्यांमध्ये फिरतं. शेंगदाण्यात आणि बदामात जवळजवळ निम्मी चरबी असते, अक्रोडात त्याहून बरीच जास्त. ही चरबी जाळायला त्याला आकाश नाही.

तेव्हा असं कर. दाणे सोललेले आणि बिनमिठाचे आण, एकदम किलोभर नाही, पंधरा दिवसांपुरते. काचेच्या घट्ट बरणीत फ्रीजमध्ये ठेव. देताना एकेक दाणा फोडून दोन दळांच्या मध्ये बघ. सुरकुतलेला, काळपट, कुबट किंवा खवट असेल तर तो एकटाच काढून टाकू नकोस, सगळी बरणी टाक. पैसे गेल्याचं वाईट वाटेल, वाटू दे. शेंगदाण्यापेक्षा बदाम किंवा अक्रोड बरा, तोही दिवसाला नखाएवढा तुकडा. कडू बदामात सायनाइड तयार होतं, तो अजिबात नको. काजू दुकानातला, साधा. झाडाखालची बी कधीच देऊ नकोस. तिच्या सालीतल्या चिकानं आपल्या हाताची कातडी सोलवटते, मग त्या कोवळ्या जिभेचं काय होईल? चोचीला काम हवं असेल तर पेरूची फांदी धुऊन दे आणि बदामाचा तुकडा कागदाच्या घडीत लपव, म्हणजे शोधण्यात त्याचा वेळ जाईल. पोट भरायला तांबडा भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला आहेच, फक्त फवारणी झालेल्या वाडीतला पाला नको. नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या पाखराला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतात, ती उणीव या पाल्यानं बरीच भरून निघते.

विष्ठेतला पांढरा भाग पिवळा किंवा हिरवट दिसला, चोच नेहमीपेक्षा भराभर वाढली किंवा पाखरू पिसं फुगवून बसू लागलं, तर घरगुती उपाय करत दिवस घालवू नकोस. पक्ष्यांचा डॉक्टर गाठ आणि जाताना दाण्यांची बरणीही सोबत ने.

आईला नमस्कार सांग. फळीवर उन्हाळ्यातली शेंगांची पिशवी शिल्लक असेल तर ती आजच काढ.

तुझा,
काका