'साठी बुद्धी नाठी' म्हणण्यापूर्वी



लागण, खोडवा, खते, पाणी यांची माहिती आपण या पानांतून नेहमी वाचता. या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी चार शब्द लिहीत आहोत. माधवनगर, बुधगाव, बिसूर, कवलापूर, कुठेही जा. शेअर आणि सात-बारा आजोबांच्या नावावर आणि धावपळ मुला-नातवांकडे, अशी पुष्कळ घरे आहेत. म्हणून आजोबांची तब्येत आणि स्मरण हा साऱ्या घराचा प्रश्न आहे.

साधा प्रश्न, मोठे उत्तर

"आबा, तब्येत कशी आहे?" असे विचारले की उत्तर येते, "बरं हाय", "चाललंय", नाहीतर "आता काय राहिलंय?" आपण ते ऐकतो आणि सोडून देतो. पण शास्त्रज्ञांनी या उत्तराचा बारकाईने अभ्यास केला आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातल्या वृद्धांची सुमारे सात वर्षांची पाहणी 1982 साली प्रसिद्ध झाली. आपली तब्येत वाईट आहे असे सांगणाऱ्यांत मृत्यूचा धोका, उत्तम म्हणणाऱ्यांच्या मानाने जवळजवळ तिप्पट निघाला. डॉक्टरी नोंदींवरून ठरवलेली तब्येत हिशेबात धरूनही हा फरक राहिला. 1997 साली अशा 27 अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हाही बहुतेक ठिकाणी हेच दिसले.

असे का व्हावे? उत्तर देताना माणूस झोप, भूक, दम, सांधे आणि मनाची उभारी या सगळ्यांची मनातल्या मनात बेरीज करतो. माती परीक्षणाचा अहवाल येण्याआधीच जाणता शेतकरी उसाच्या पानाकडे बघून काहीतरी बिनसले आहे हे ओळखतो, तसेच हे आहे. आपल्या देशातही मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये पंचेचाळीस व त्यावरील वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा 72 हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तीत हा प्रश्न विचारला होता आणि स्मरणशक्तीही तपासली होती.

तब्येत वाईट सांगणाऱ्यांत स्मरण मंदावल्याचे प्रमाण अधिक असते, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. एकामुळेच दुसरे होते असे मात्र नव्हे. मधुमेह, रक्तदाब आणि मनाची उदासी या गोष्टी दोन्हींच्या मुळाशी असू शकतात.

विसरणे कुठवर साधे?

चष्मा कुठे ठेवला हे विसरले आणि थोड्या वेळाने आठवले, तर ते वयाचे विसरणे. त्याची धास्ती नको.

गेल्या महिन्यात झालेले बोलणेच आठवत नाही, वजनाची पावती दोन-दोनदा हरवते, तीच गोष्ट तासाभरात तिसऱ्यांदा विचारली जाते. पण माणूस आपले रोजचे व्यवहार स्वतः करतो, तर ही मधली पायरी असू शकते. डॉक्टर तिला सौम्य स्मृतिदोष म्हणतात.

मोटार चालू करून दारे धरायला गेले आणि कशाला आलो हेच कळेना, ओळखीच्या वाटेवर चुकले, हिशेब जमेना, अंघोळ-कपड्यांनाही मदत लागू लागली, तर ती त्यापुढची पायरी, म्हणजे स्मृतिभ्रंश. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना हा आजार आहे. शहरापेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त आढळला.

मधल्या पायरीवरचा प्रत्येक जण पुढे घसरतोच असे नाही. काही तिथेच राहतात, काही पुन्हा सुधारतात. म्हणूनच ही पायरी वेळेवर ओळखण्यात फायदा आहे.

"मला काय धाड भरलीय?"

इथे एक मेख आहे. सुरुवातीला माणसाला आपले विसरणे स्वतःला जाणवते, तो काळजी करतो. दोष वाढला की पुष्कळदा ती जाणीवच कमी होते आणि तो ठासून म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" तेव्हा "वाईट आहे" हे उत्तर कधीच झटकू नये आणि "बरं हाय" यावर एकट्यावर विसंबूही नये. घरातल्या माणसांनी गेल्या सहा महिन्यांत काय बदल पाहिला, तेही डॉक्टरांना सांगावे.

आपण काय करावे?

1. "वय झालं" म्हणून सोडू नका. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा दोष, उदासी, झोपेच्या गोळ्या, मधुमेहाच्या औषधाने साखर फार उतरणे यांनीही विसरभोळेपणा येतो आणि उपचाराने तो कमी होऊ शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दाखवा. चालू असलेली सर्व औषधे बरोबर न्या.

2. कान आणि डोळे तपासा. ऐकू न आलेली गोष्ट लक्षात राहणार कशी?

3. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. तंबाखू, विडी, दारू सोडा. 2024 साली जागतिक तज्ज्ञांच्या मंडळाने अशी चौदा कारणे मांडली. ती सर्व दूर झाली तर स्मृतिभ्रंशाची जवळपास निम्मी प्रकरणे टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज आहे.

4. चालणे, भजन, पारावरच्या गप्पा, पेपर वाचणे चालू ठेवा. "तुम्ही आता बसून राहा" असे सांगून माणसाला कोपऱ्यात बसवणे हे प्रेम नव्हे.

शेवटी व्यवहाराचे

सौम्य स्मृतिदोष म्हणजे वेडेपणा नव्हे. एवढ्यावरून कुणाचा सहीचा, मताचा किंवा मालकीचा हक्क जात नाही. पासबुक हिसकावून घेऊ नका आणि समजावून न सांगता जामीनकीच्या कागदावर अंगठाही घेऊ नका. कराराला आणि मृत्युपत्राला कायद्याने समज शाबूत असावी लागते. म्हणून शेअरचे वारस-नामांकन आणि मृत्युपत्र ही कामे आबा-आजींनी स्वतःच्या मनाने, समज चांगली असतानाच उरकावीत.

आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, "तब्येत कशी आहे?" आणि या वेळी उत्तर पुरे होईपर्यंत जवळ बसा.