सेवा देणारी संस्था विलीन झाली, तर खर्च कुणाच्या खिशातून?

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक ३ ऑक्टोबर २००६ रोजी आयडीबीआयमध्ये विलीन झाली, तर १९१६ पासूनची सांगली बँक १९ एप्रिल २००७ रोजी आयसीआयसीआयमध्ये. सात महिन्यांत दोन्ही जिल्ह्यांच्या घरच्या बँका गेल्या. युनायटेड वेस्टर्नच्या ठेवीदारांना तर त्याआधी महिनाभर एरवी दहा हजारांच्या वर रक्कमही काढता येत नव्हती.

विलीनीकरणात जुने करार नव्या मालकाकडे जातात. मुदत ठेवीचा ठरलेला दर सहसा मुदत संपेपर्यंत टिकतो, पण लॉकरचं भाडं आणि सेवाशुल्क नव्या बँकेच्या दरपत्रकाप्रमाणे बदलू शकतं, वर १८ टक्के जीएसटी. दोन्ही बँकांत तुमचे चार-चार लाख असतील, तर विलीनीकरणानंतर ते एकाच बँकेतले आठ लाख ठरतात आणि विमा मिळतो पाच लाखांपुरताच. हा हिशेब आधी करा.

हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी पुढच्या तारखांचे दिलेले चेक जुने चेकबुक बंद होण्याआधी बदलून द्यावेत. बिलांवरचा आयएफएससी बदला आणि कर्जाचे हप्ते नव्या खात्यातून कापले जाताहेत ना, ते पाहा. नवी बँक नकोच असेल तर कर्ज हलवता येतं. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जावर बड्या व्यापारी बँका सूक्ष्म-लघु उद्योगांना मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाहीत.

कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत सुरक्षारक्षक पुरवणारी, पगारपत्रक सांभाळणारी एजन्सी विकली गेली, तर जास्त सावध राहा. फक्त शेअर विकले गेले असतील तर कंपनी तीच, करारही तोच. धंदाच दुसऱ्या कंपनीला विकला असेल, तर करार हस्तांतरित करायला तुमची संमती लागते का, ते कलम शोधा. संमती देताना जुना दर, नोटीसची मुदत आणि कामगारांची जुनी देणी कोण भरणार, हे ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर पुरवणी करारात लिहून घ्या. कंत्राटदाराने पीएफ थकवला तर मूळ मालक म्हणून वसुली तुमच्याकडून होऊ शकते. म्हणून जुन्या एजन्सीची पीएफ चलानं हातात आल्याशिवाय तिचं शेवटचं बिल चुकतं करू नका.

बँकेबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही.