कपडे धुण्याच्या यंत्रांतील गाळणी

ताक करतांना रवी एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे फिरते. ज्या विद्यार्थ्यांनीं आजीच्या घरीं हें पाहिलें असेल, त्यांस अमेरिकेंतील जुनीं कपडे धुण्याचीं यंत्रें समजावयास वेळ लागणार नाहीं. आयोवा प्रांतांतील न्यूटन गांवीं मेटॅग कंपनीनें १९२२ सालीं असें यंत्र काढलें, कीं ज्याच्या पिंपाच्या तळाशीं पंख असलेली एक रवीच बसविलेली होती. पुढें स्वयंचलित यंत्रें आलीं, तरी ही रवी त्या देशांत अनेक दशकें टिकली. आम्हांस येथें लिहावयाचें आहे तें तिच्या घुसळण्यानें कपड्यांतून जें निघतें त्याविषयीं.

कापड धुतांना त्यांतील आंखूड तंतु सुटे होतात. पांढरा पंचा व काळी टोपी एकत्र धुतलीं, तर टोपीची काय दशा होते हें सांगावयास नको. या सुट्या तंतूंस आपण लव म्हणूं. धोबी नदीवर कपडा आपटतो, तेव्हां वाहतें पाणी लव घेऊन जातें. यंत्रांत पाणी कोंडलेलें असतें, म्हणून ती तेथल्या तेथेंच फिरत राहते. शिवाय आंतलें पिंप छिद्रांचें असेल, तर शेवटीं मळकें पाणी कपड्यांतूनच बाहेर पडतें. म्हणजे निराळी गाळणी नसली, तर धुतलेले कपडे हेच गाळणी होऊन बसतात! हा प्रश्न निरनिराळ्या कंपन्यांनीं निरनिराळ्या रीतीनें सोडविला.

आमच्या मतें सर्वांत शिकण्याजोगी रचना जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ‘फिल्टर-फ्लो’ यंत्राची होय. हें यंत्र १९५० नंतरच्या दशकांत निघालें व १९९० नंतरच्या दशकापर्यंत बनत राहिलें. यांत रवीच्या माथ्यावर बारीक छिद्रांचें एक पसरट ताट बसविलेलें असे. धुणें चालू असतां पंप खालचें पाणी उचलून वर आणी व तें धारेनें त्या ताटांत पडे. पाणी छिद्रांतून पुन्हां कपड्यांवर जाई आणि लव ताटांत राही. आतां एखादा चौकस विद्यार्थी विचारील कीं, तंतु तर केसाहून बारीक आणि छिद्रें डोळ्यांस सहज दिसणारीं. मग लव अडकते कशी? याचें उत्तर मोठें गमतीचें आहे. पहिले कांहीं लांब तंतु छिद्रांवर आडवे पडतात, त्यांत मागून येणारे गुंततात, आणि लवकरच ताटावर घोंगडीसारखा एक थर जमतो. तेथून पुढें गाळण्याचें खरें काम तो थरच करतो. आपण चूर्ण वस्त्रगाळ करतों तेव्हां वस्त्र आधींच विणलेलें असतें. येथें गाळण्याचें वस्त्र कचऱ्यांतूनच तयार होतें! थर फार दाट झाला, तर मात्र पाणी त्यांतून उतरत नाहीं व ताटाच्या कांठावरून सांडूं लागतें. म्हणून ताट वेळोवेळीं काढून साफ करणें गृहिणीस भाग पडे.

मेटॅग कंपनीनें आपल्या कांहीं यंत्रांत गाळणी रवीच्या पोकळ गाभ्यांतच बसविली. ही रचना सुटसुटीत खरी. पण हीही हातानेंच साफ करावी लागे. फ्रिजिडेअर कंपनीच्या १९४७ सालच्या यंत्राचा मार्ग अगदींच वेगळा. त्याचें आंतलें पिंप बिनछिद्री होतें. तें वेगानें फिरूं लागलें, कीं पाणी भिंतीवर चढून वरच्या कांठावरून बाहेर पडे व तरंगणारी लव त्याबरोबर निघून जाई. तळाशीं बसणारी वाळू अशा उपायानें सहजासहजीं जाणार नाहीं, हें उघड आहे. व्हर्लपूल कंपनीनें तर पुढें आपोआप साफ होणारी गाळणी आणली. धुणें चालू असतां पाणी तिच्यांतून एका दिशेनें फिरे. पाणी सोडून देतांना प्रवाह उलटा होई आणि सांचलेली लव मोरीवाटे वाहून जाई. गृहिणीस हातही लावावा लागत नसे. बाजारांत अशी सोय लोकांस आवडावी यांत नवल नाहीं.

परंतु या गाळण्या ताडून पाहतांना एक प्रश्न विचारणें आम्हांस आवश्यक वाटतें: लव शेवटीं गेली कोठें? फ्रिजिडेअरच्या व व्हर्लपूलच्या यंत्रांत ती कपड्यांवरून निघाली, पण पाण्यांतून निघाली नाहीं. कपडे सुती होते तोंवर याचें फारसें कांहीं वाटलें नाहीं, कारण कापसाचा तंतु कालांतरानें कुजतो. पॉलिएस्टर व ॲक्रिलिक यांचे तंतु तसे लवकर कुजत नाहींत. इंग्लंडांतील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें कीं, ६ किलो ॲक्रिलिक कापडाच्या एका धुण्यांत ७,००,००० हून अधिक तंतु सुटूं शकतात. असे तंतु नद्यांत व समुद्रांत सांपडले आहेत. फ्रान्सनें २०२० सालच्या एका कायद्यांत नव्या यंत्रांस सूक्ष्म तंतूंची गाळणी असावी असें कलम घातलें. इतके बारीक तंतु त्या जुन्या ताटानें सगळे अडविले असते असें आम्ही म्हणत नाहीं. तरी लव माणसाच्या हातीं आणून देण्याची त्याची रीत, जी एके काळीं गैरसोयीची वाटली, तीच आतां पुन्हां शोधली जात आहे.

आपल्याकडील वरून कपडे घालावयाच्या अनेक यंत्रांत पिंपाच्या भिंतीस जाळीची एक लहानशी पिशवी असते. ती नळाखालीं धुतली, तर लव पुन्हां मोरींतच जाते. त्यापेक्षां पिशवी उलटी करून वाळूं द्यावी. वाळलेली लव चिमटीनें सहज निघते व केराच्या डब्यांत टाकतां येते. तींतली चिमूटभर लव विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत आणून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावी. पीळ पडलेल्या फितीसारखा दिसेल तो कापसाचा तंतु. गुळगुळीत कांडीसारखा दिसेल तो बहुधा पॉलिएस्टरचा.