घटक ४ : नाव, कार्य आणि डिझाइन टोकन

४.१ प्रास्ताविक

‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’ म्हणजे ‘काळेपणा’ यावरून आला आहे. तरीही आपण ‘निळी शाई’ असे सहज म्हणतो. कारण रूढीने मूळ अर्थ पुसला आहे. भाषेला हे चालते. संगणकीय उत्पादनाच्या मांडणीत मात्र दिसण्यावरून दिलेले नाव अडचणीचे ठरते. ते कसे, हे या घटकात पाहू.

४.२ विषय विवेचन

एखाद्या ॲपमध्ये रंग, अक्षरांचा आकार, ओळींतील अंतर अशी मूल्ये शेकडो ठिकाणी लागतात. ती प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिली, तर बदल करताना काही जागा सुटतात आणि मांडणीतील एकरूपता ढळते. म्हणून मूल्याला नाव देऊन ते एकाच जागी नोंदवतात व सर्वत्र ते नावच वापरतात. अशा नामांकित मूल्याला ‘डिझाइन टोकन’ म्हणतात. ही संज्ञा सेल्सफोर्स या अमेरिकी कंपनीतून रूढ झाली.

टोकनचे दोन स्तर लक्षात घ्या :

(अ) मूल टोकन : उदा. ‘लाल-६००’. हे केवळ छटा सांगते.

(आ) अर्थनिष्ठ टोकन : उदा. ‘रंग-चूक-सूचना’. हे कार्य सांगते. छटा मूल टोकनकडून घेते.

समजा, चुकीची सूचना आणि पानाचा शीर्षपट्टा ही दोन्ही थेट ‘लाल-६००’ वापरतात. पट्टा निळा करण्यासाठी त्या टोकनचे मूल्य बदलले, तर सूचनाही निळी होईल आणि ‘लाल’ हे नाव खोटे ठरेल. दोन कार्यांना दोन नावे असती, तर पट्ट्याचे तेवढे बदलले असते.

४.३ देवनागरीचा विचार

रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली ओळीची उंची देवनागरीला अपुरी पडू शकते. वेलांटी व रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराच्या खाली जातो. निकालाच्या पानावर उकार कापला गेला, की ‘गुण’चे ‘गण’ होते. ‘ओळ-उंची-मजकूर’ असे टोकन असेल, तर मराठी आवृत्तीपुरते त्याचे मूल्य एकाच जागी वाढवता येते. मात्र हा दोष आधी कोणाच्या तरी नजरेस यावा लागतो. ती नजर मराठीच्या अभ्यासकाची, म्हणजे आपली आहे.

४.४ सारांश

मूल्य बदलते, कार्य टिकते. म्हणून वापराचे नाव कार्यावरून द्यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मूल टोकन व अर्थनिष्ठ टोकन यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.

२. आपल्या मोबाइलवरील एका मराठी ॲपमधील तीन रंगांना कार्यावरून नावे द्या.