चाकावरचे एक वर्ष

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आखलेला मार्ग, दोहो बाजूंस उभे असलेले प्रेक्षक आणि काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत लागणारा निकाल, असे चित्र उभे राहते. परंतु सायकलस्वारांच्या जगात अशीही एक स्पर्धा आहे की, जिचा निकाल हाती येण्यास पुरे एक वर्ष लागते. वर्षाच्या पहिल्या दिवशी सायकलवर बसावयाचे, ते शेवटच्या दिवशीच तिच्यापासून सुटका करून घ्यावयाची. आणि मधल्या अवधीत केवळ आपल्या पायांच्या बळावर जितके अंतर तोडता येईल तितके तोडावयाचे, एवढेच या स्पर्धेचे स्वरूप. ऐकावयास ती सोपी वाटते. पण तिच्यात उतरलेल्या एका तरुणाची हकिकत वाचली म्हणजे तिचे खरे रूप ध्यानात येते.

या स्पर्धेचा उगम १९११ साली इंग्लंडात झाला. सायकलस्वारांसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकाने त्या वर्षी एक चढाओढ जाहीर केली. एका दिवसात शंभर मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर, सायकल चालविली की एक ‘शतक’ पुरे झाले असे मानावयाचे. आणि वर्षभरात ज्याची शतके सर्वांत अधिक होतील तो विजयी. मार्सेल प्लेन्स नावाच्या तरुणाने ३३२ शतके पुरी करून ही चढाओढ जिंकली. त्याच्या वर्षभराच्या प्रवासाची बेरीज ३४,३६६ मैल झाली. पुढे शतकांची गणना मागे पडली आणि एकूण अंतरालाच महत्त्व आले.

त्यानंतर अनेकांनी हा आकडा पुढे नेला. १९३६ साली वॉल्टर ग्रीव्ह्‌ज याने ४५,३८३ मैलांचा विक्रम केला. विशेष हे की, या ग्रीव्ह्‌जला एकच हात होता. १९३७ साली ऑस्ट्रेलियाच्या ऑसी निकल्सनने ६२,६५७ मैलांचा पल्ला गाठला. १९३८ साली बिली डव्ही या इंग्रज तरुणीने वर्षभरात २९,६०३ मैल सायकल चालविली. सामान्य स्त्री-पुरुषांना व्यायामाची गोडी लागावी, हा तिचा हेतू होता. पुढे ही बाई शंभर वर्षे जगली.

निकल्सनचा विक्रम मोडण्यासाठी १ जानेवारी १९३९ रोजी इंग्लंडात एकाच दिवशी तिघे सायकलस्वार निघाले. एडवर्ड स्वान, बर्नार्ड बेनेट आणि टॉमी गॉडविन ही त्यांची नावे. त्यांपैकी स्वानला ९३९ मैलांवर अपघात झाला आणि त्याचा प्रयत्न तेथेच संपला. बेनेट आणि गॉडविन हे दोघे मात्र पुढे चालत राहिले.

टॉमी गॉडविनचा जन्म १९१२ साली स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरातील फेंटन या भागात झाला. हा सारा परगणा चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. घरची माणसे पुष्कळ आणि मिळकत बेताची; त्यामुळे बाराव्या वर्षीच टॉमीला कामास लागावे लागले. एका दुकानातील माल घरोघर पोचविण्याचे काम त्याला मिळाले आणि त्या कामाबरोबर लोखंडी टोपली जडविलेली एक जड सायकलही मिळाली. ओझे वाहता वाहता त्याला सायकलीची गोडी लागली. चौदाव्या वर्षी त्याने त्याच सायकलीची टोपली तोडून काढली आणि पंचवीस मैलांच्या शर्यतीत भाग घेतला. ती शर्यत त्याने ६५ मिनिटांत पुरी करून जिंकली. पुढे त्याची गणना चांगल्या शर्यतपटूंत होऊ लागली आणि वर्षाच्या विक्रमासाठी तो धंदेवाईक खेळाडू झाला. या एका निर्णयाची किंमत त्याला पुढे मोजावी लागणार होती. पण त्या वेळी त्याची त्याला कल्पना नव्हती.

पहिल्या जानेवारीच्या पहाटे पाच वाजता टॉमी निघाला. तेव्हा त्याचे वय २६ वर्षांचे होते. त्याच्यापुढील गणित असे होते. निकल्सनच्या ६२,६५७ मैलांना ३६५ ने भागले असता रोजचे जवळजवळ १७२ मैल होतात. विक्रम मोडावयाचा तर रोज इतके अंतर काटावयासच हवे. समजा, आजारपणामुळे किंवा अपघातामुळे दहा दिवस वाया गेले, तर सतराशेहून अधिक मैलांचा तोटा होतो आणि तो भरून काढण्यासाठी उरलेल्या प्रत्येक दिवशी जवळजवळ पाच मैल अधिक जावे लागते. एका दिवसाच्या शर्यतीत थकलेला खेळाडू उद्या विश्रांती घेऊ शकतो. वर्षाच्या शर्यतीत उद्याही तेवढेच मैल वाट पाहत असतात. पाऊस पडो, बर्फ पडो, समोरून वारा येवो, अंगात कसकस असो. सायकल बाहेर काढावीच लागते.

त्यात टॉमीची सायकल आजच्यासारखी हलकी नव्हती. ती पोलादी असून तिचे वजन तीस पौंडांहून अधिक, म्हणजे चौदा किलोच्या आसपास होते. तिला गिअर अवघे चार. टॉमीचा आहारही साधा होता. तो शाकाहारी होता आणि दूध, भाकरी, भाजी अशा अन्नावरही अंगात पुरेसे बळ येते, हे त्याने आपल्या पायांनी सिद्ध करून दाखविले.

उन्हाळ्यात इंग्लंडातील दिवस फार मोठे असतात. त्याचा टॉमीने पुरेपूर उपयोग करून घेतला. २१ जून, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, त्याने अठरा तासांत ३६१ मैल काटले. सबंध वर्षातील त्याची ही सर्वांत मोठी दौड होय.

परंतु निसर्गापेक्षाही मोठे संकट पुढे उभे होते. सप्टेंबरच्या आरंभी दुसरे महायुद्ध सुरू झाले. शत्रूच्या विमानांना गावे आणि रस्ते दिसू नयेत म्हणून इंग्लंडभर रात्री अंधार पाळण्याचा कडक हुकूम निघाला. रस्त्यावरचे दिवे विझले, घरांच्या खिडक्यांवर काळे पडदे चढले आणि वाहनांचे दिवेही झाकले गेले. टॉमीला आपल्या सायकलीच्या दिव्यावर पट्ट्या चिकटवाव्या लागल्या. त्यातून जो मिणमिणता उजेड बाहेर पडे, त्याच्यावरच पुढचा रस्ता ओळखावयाचा. शरद ऋतू संपत आला, दिवस लहान होऊ लागले आणि रोजच्या प्रवासाचा पुष्कळसा भाग या काळोखातूनच करावा लागू लागला. तरीही त्याने माघार घेतली नाही.

२६ ऑक्टोबर १९३९ रोजी टॉमी लंडनमधील ट्रॅफल्गार चौकात येऊन पोचला, तेव्हा त्याचे ६२,६५८ मैल पुरे झाले होते. निकल्सनचा विक्रम मोडला होता आणि वर्ष संपण्यास अजून दोन महिन्यांहून अधिक अवधी होता. विक्रम हाती आला, हिवाळा तोंडावर, देशात युद्ध आणि रस्त्यावर अंधार. अशा वेळी सायकल ठेवून दिली असती तरी त्याला कोणी दोष दिला नसता. पण वर्ष पुरे करावयाचे म्हणून तो निघाला होता आणि वर्ष अजून संपले नव्हते. उरलेल्या ६६ दिवसांत त्याने रोज सरासरीने १८८ मैल काटले. हिवाळ्यातील त्या अंधाऱ्या दिवसांतली ही सरासरीदेखील निकल्सनच्या सरासरीहून अधिक भरते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

३१ डिसेंबर रोजी बेरीज झाली ती ७५,०६५ मैल, म्हणजे १,२०,८०५ किलोमीटर. रोजची सरासरी २०५ मैलांहून अधिक पडली. पृथ्वीचा विषुववृत्तावरील परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. तेव्हा टॉमीने एका वर्षात पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालण्याइतके अंतर काटले, असे म्हणता येईल. ताशी पंधरा मैलांचा वेग धरला, तर रोज साडेतेरा तासांहून अधिक काळ त्याला सायकलवर बसून काढावा लागला असला पाहिजे.

येथे बेनेटचेही स्मरण ठेवले पाहिजे. त्याने त्याच वर्षी ६५,१२७ मैल काटून निकल्सनला मागे टाकले होते. दुसऱ्या एखाद्या वर्षी हाच पराक्रम त्याने केला असता, तर तो विक्रमवीर म्हणून गाजला असता. परंतु त्याच रस्त्यांवर टॉमी गॉडविन होता.

वर्ष संपले, तरी टॉमी थांबला नाही. एक लाख मैल पुरे करावयाचे, असा संकल्प त्याने केला होता. १९४० च्या मे महिन्यात, पाचशे दिवसांत, तो संकल्प सिद्धीस गेला. तो सायकलवरून खाली उतरला खरा. पण इतके दिवस एकाच स्थितीत राहिलेल्या त्याच्या शरीराला सरळ चालणेही जमेना. चालण्याचा सराव पुन्हा करण्यात त्याचे काही आठवडे गेले. त्यानंतर तो ब्रिटिश हवाई दलात भरती झाला आणि युद्ध संपेपर्यंत सेवेत राहिला.

१९४५ साली परत आल्यावर पूर्वीप्रमाणे हौशी खेळाडू म्हणून शर्यतीत उतरावे, अशी त्याची इच्छा होती. पण जो एकदा धंदेवाईक झाला त्याला हौशी खेळाडूंत स्थान नाही, असा त्या काळचा नियम होता. त्याच्यासाठी इतर सायकलस्वारांनी विनंतीअर्ज केला. तरीही नियमापुढे कोणाचे काही चालले नाही. ज्याने लाख मैल काटले, त्याला गावच्या लहानशा शर्यतीतही उभे राहता येईना. हा प्रसंग एखाद्याला कायमचा कडवट करून टाकणारा होता. टॉमीने मात्र निराळा मार्ग पत्करला. स्टोन व्हीलर्स या सायकलमंडळातील तरुणांना शिकविण्यात त्याने आपला वेळ घालविला. जी शर्यत त्याला स्वतःला नाकारली गेली, तिच्यासाठी त्याने दुसऱ्यांना तयार केले. १९७५ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, मित्रांबरोबर टटबरीच्या किल्ल्यापर्यंत सायकलने जाऊन परत येत असता त्याला मृत्यू आला.

टॉमीचा वर्षाचा विक्रम पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. २०१५ साली स्टीव्ह अब्राहम या इंग्रज सायकलस्वाराने तो मोडण्याचा प्रयत्न केला. परंतु मार्च महिन्यात एका मोपेडची धडक बसून त्याचा घोटा मोडला. त्याच वर्षी अमेरिकेच्या कर्ट सरव्होगेलने आरंभ केला आणि जानेवारी २०१६ मध्ये ७६,०७६ मैल पुरे करून तो विक्रम मोडला. पुढे १४ मे २०१७ रोजी अमांडा कोकर या अमेरिकन तरुणीने ८६,५७३ मैलांचा नवा विक्रम केला. काही वर्षांपूर्वी मोटारीच्या धडकेने तिच्या मेंदूला इजा झाली होती. तीतून बरी होऊन तिने हे यश मिळविले. त्यानंतर एक लाख मैलही तिने ४२३ दिवसांत पुरे केले.

म्हणजे टॉमीचे दोन्ही आकडे आज मागे पडले आहेत. विक्रमांची रीतच अशी आहे. ते कोणीतरी पुढे मोडावे यासाठीच असतात. तरीही फेंटनमध्ये २००५ साली त्याच्या स्मरणार्थ फलक लावला गेला आणि सायकलस्वार त्याचे नाव अजून आदराने घेतात. ७५,०६५ हा आकडा मोठा आहे. परंतु तो एका दिवसात झालेला नाही. ३६५ वेळा एक माणूस उठला, आपली जड सायकल घेऊन बाहेर पडला आणि त्या दिवसाचे मैल त्याने त्या दिवशीच पुरे केले. आपल्या अभ्यासाला आणि कामाला उपयोगी पडेल असे या हकिकतीत काही असेल, तर ते हेच होय.

शब्दार्थ
परगणा – प्रदेश, मुलूख. अबाधित – न मोडलेला. संकल्प – निश्चय. सिद्धीस जाणे – पूर्ण होणे. धंदेवाईक खेळाडू – खेळासाठी मोबदला घेणारा खेळाडू. हौशी खेळाडू – केवळ आवडीखातर खेळणारा खेळाडू.

स्वाध्याय
१. वर्षाच्या शर्यतीत एक दिवस वाया जाणे एवढे महत्त्वाचे का ठरते?
२. युद्ध सुरू झाल्यामुळे टॉमीच्या प्रवासात कोणत्या अडचणी आल्या?
३. २६ ऑक्टोबरनंतर टॉमी थांबला असता, तर त्याचे काय बिघडले असते? तुमचे मत सकारण लिहा.
४. हौशी शर्यतींचे दार बंद झाल्यावर टॉमीने काय केले? त्यावरून त्याच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?
५. ‘माघार घेणे’, ‘तोंडावर असणे’, ‘किंमत मोजणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.